कोरी चिठ्ठी

नव्या पाळकांनी वहीचं पान चौकोनी फाडून
चिठ्ठ्या वाटल्या: आपापलं कृपादान लिहा,
पुढच्या रविवारी आणा.
मोजायचं माझ्याकडं आलं.
खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
मी मोजणीलाच होतो. भाजलेली इतकी, फुटकी इतकी.

रात्री ताट सारून चिठ्ठ्या पसरल्या.
सालोमीबाईंची: शिकवणे. खाली पट्टीनं ओढलेली रेघ.
देवपुत्र बडिगेरची कन्नडात, एकच शब्द, हाडु,
सुताराचं अक्षर, रंधा मारल्यासारखं.
लोंढ्याहून सून होऊन आलेली पिएदाद
रोमी अक्षरांत कोंकणी लिहिते: रांदप.
वाचायला नातीला उठवावं लागलं.
अबनेर सातपुत्यांनी भविष्यवाद लिहून खोडलं,
वर लिहिलं, पेटीचे भाते दुरुस्त करतो.
आणि यहोशवा, एकोणीस वर्षांचा:
गाडी आहे. दवाखान्यात न्यायचं असलं तर हाक मारा, रात्री पण.
मी हिशेब लिहिलं होतं. लाज वाटली, खरं लिहिलं.

एक निघाली कोरी.
चार घड्या, आत काही नाही,
कोपऱ्याला तांबड्या मातीचं बोट.
ती मार्थव्वाची.

पाळक म्हणतात, शरीर एक, अवयव पुष्कळ.
कौलांचा दाखलाही त्यांनी दोनदा दिला,
माझ्याकडं बघत. मी मान हलवली.
त्यांना काय ठाऊक, ह्या शरीराला
मधोमध शिवण आहे.
गीतांच्या फळीवर आमच्याकडं दोन आकडे लागतात,
डावीकडं मराठी पुस्तकातला, उजवीकडं कन्नड.
चाल एकच. शब्द दोन्हीकडून येतात,
मधे कुणी पुढं पळतं, कुणी मागं राहतं,
शेवटच्या अक्षरावर कसेबसे भेटतात.
पहिलं गीत कुठलं, यावरून एका वर्षी
बाहेरच्या पाट्यांवरचं डांबर आमच्या जिभेवर आलं.
नेमकं काय बोललो ते लिहीत नाही.
मीही बोललो होतो.
देवपुत्र सहा महिने आला नाही.
त्याच्या आवाजाशिवाय प्रत्येक गीत
एक पाय काढलेल्या बाकासारखं.
बाकंही त्यानंच केलेली.

त्या दिवसांत एकदा मला उशीर झाला.
दाराशी चपलांची रांग, पायरीपासून नळापर्यंत,
मधे एका जोडाएवढी जागा मोकळी.
मी तिथं पाय काढला.
मार्थव्वानं केरसुणीचं टोक माझ्या घोट्याला लावलं:
'अल्ली बेडरी. देवपुत्राचं हाय ते.'

सव्वीस रविवार.
आणि मी मोजणारा,
माझ्या वहीत फक्त आलेल्यांचा आकडा.

तो परतला तेव्हा उपदेश चालू होता.
कोण गेलं होतं त्याच्याकडं, कुणी गाडीवरून आणलं,
मला माहीत नाही. खिडकीतनं दिसलं एवढंच:
रांगेतल्या त्या मोकळ्या जागेकडं बघत तो उभा,
एक चप्पल हातात, बराच वेळ.

'कोरी का दिलीस गं?' मी विचारलं काल.
'नंगेन बरतैतिरी?' म्हणाली, मग माझ्यासाठी मराठीत,
'मला काय येतंय ओ. आत कधी बसलोय मी?
पाय वळखतो, तेवढंच.
तुमचा डावा अंगठा दुखतोय की. टाच घासत येताय.'
दुखत होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

यादीत एकेचाळीस नावं, एकेचाळीस रकाने.
तिच्यापुढं लिहायला शब्द शोधला,
आपल्यात, तिच्यात, शेवटी पिएदादला विचारलं.
'आसूंक जाय,' ती म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही.
मग कोरी चिठ्ठीच डकवली तिथं,
मातीचं बोट वर येईल अशी.

आज आशीर्वाद घेऊन बाहेर आलो.
आत जाताना काढलेल्या चपला
तोंड फिरवून ठेवलेल्या, सगळ्यांच्या, रस्त्याकडं.
माझी डावी जरा पुढं.