नुसतं टेकलंय

कास्त्रोमधल्या माझ्या ऑफिसात
दोन खुर्च्या एकाच उंचीच्या आहेत.
मी टेप लावून मोजल्यात.
पाण्याचा जग, दोन पेनं,
खिडकीबाहेर ओहोटीनं उघडा पाडलेला चिखल
आणि मधे मी.
न्यायाधीशापुढे जाण्याआधी
इथे यावं लागतं, तसा कायदाच आहे.

रोसामेल आणि एदिता पाच वेळा आले,
बेटावरून, दर वेळी वेगवेगळ्या बोटीनं.
काडीमोड ठरलाच होता,
काडी न काडी वाटायची बाकी होती.

लेकीचं पहिल्याच दिवशी मिटलं:
शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार बापाकडे,
जुलैची सुट्टी निम्मी निम्मी.
बियाण्याच्या बटाट्यांचं मिटलं,
जांभळे तिला, लांबोडके त्याला.
मेंढ्या सम निघाल्या, देवाची कृपा.
अडलं ते घरापाशी.

जमीन त्याच्या बापाची.
लाकूड तिच्या पगाराचं,
सामन माशांच्या कारखान्यात सात वर्षं
रात्रपाळीत बर्फाळ बोटांनी मिळवलेलं.
भिंतीवरची फळकुटं मात्र
एकेक त्यानं तासलेली, त्यानं ठोकलेली.
'माझ्या जमिनीवर ती राहणार नाही.'
'माझ्या घरात तो राहणार नाही.'

मला मत असतं.
सकाळी दारामागच्या खुंटीवर
ओल्या कोटाशेजारी मी ते टांगून ठेवते,
संध्याकाळी अंगात घालून घरी जाते.
कधी कधी वाळलेलं नसतं.

चौथ्या बैठकीत धुराड्यावरून
वीस मिनिटं भांडण झालं.
मी म्हटलं, घर म्हणजे नेमकं काय काय,
एकदा मोजून तर सांगा.
तो बोटं मोडत सांगू लागला:
तुळया एवढ्या, वासे तेवढे,
खाली सायप्रसचे बुंधे चौदा, त्यांवर…
आणि थांबला.
'खालून खिळा नाहीये,' म्हणाला.
'नुसतं टेकलंय.'

एदितानं त्याच्याकडे पाहिलं.
पाच महिन्यांत पहिल्यांदाच
माझ्या तोंडाकडे न बघता त्याला विचारलं,
'बैल किती लागतील?'

पुढचं कागदावर आलं.
चर्चच्या पलीकडे, तिच्या मावशीच्या उतारावर,
अकराशे मीटर.
इर्जिकीला आलेल्या गावाला
घर हलवणाऱ्यानं जेवू घालायचं, ही रीत.
पण हलवतंय कोण?
यावर पुन्हा पाऊण तास.
शेवटी मटण त्याचं, बटाटे तिचे,
कलम नऊ.

मी जायला नको होतं.
रविवारी गेले.

आठ जोड्या बैल, तेल लावलेले ओंडके,
त्याचे भाऊ, तिचे मामा,
वर्षभर एकमेकांना रामराम न घातलेली माणसं.
माझ्या टेबलावर पाच महिने
जी रस्सीखेच बघितली
तोच दोर, फक्त
सगळे एकाच टोकाला.

घर फिरलं की वासेही फिरतात, म्हणतात.
मी वाशांकडेच बघत होते.
करकरले. कुरकुरले.
स्वयंपाकघराची एक काच गेली.
बाकी जिथल्या तिथे.
वळणावर तो बैलांपाशून ओरडला,
'खिडकी! आधी उचल, मग लोट!'
तिनं तोवर उचललीच होती.

संध्याकाळी जुन्या जागेवर
फिकट मातीचा चौकोन उरला,
दहा वर्षं पाऊस न पाहिलेली माती.
कोंबड्या आधीच पोचल्या होत्या.
तो दार होतं तिथूनच आत गेला,
पायपुसणं होतं तिथे
बूट झाडून.

सोमवारी कोर्टाचा फॉर्म भरायला घेतला.
दोनच चौकटी: तडजोड झाली, तडजोड नाही.
पहिलीत खूण केली, वाकडी आली.
तळहात सोलले होते,
पेन नीट धरवत नव्हतं.