वाडग्याचं पोट

तमालेच्या लॉरी-अड्ड्याशी माझी टपरी,
मोबाइलवरून पैसे पाठवायची, काढायची.
गल्ल्याखाली तीन माहितीपुस्तिका.
हरमातानची धूळ बसून बसून
तिघींचा रंग आता एकच झालाय.

अक्रावाली गुळगुळीत. मुखपृष्ठावर काचेची इमारत
आणि हसणारी चार माणसं,
एकाच्याही कपाळावर घाम नाही.
फीचा आकडा वाचला
आणि तिला पालथी घातली,
वसुलीला आलेल्याकडे पाठ करावी तशी.

कुमासीवालीत वसतिगृह आहे, जेवणाच्या वेळा आहेत,
शिष्यवृत्तीच्या ओळीवर एक चांदणी,
आणि चांदणीचा खुलासा कुठल्याच पानावर नाही.

तिसरी इथलीच. शनिवार-रविवार वर्ग.
प्राध्यापक विमानानं येतात.
धुळीत धावपट्टी दिसली नाही
तर विमान तसंच माघारी.
मागच्या तुकडीनं म्हणे अर्धं जोखीम व्यवस्थापन
आकाशाकडे बघत पुरं केलं.

अल्हासानकाका म्हणतात, फायनान्स घे,
बँकेत गार हवा असते.
मार्चमध्ये ते बँकेत नुसते बसायला जातात,
हे मी कुणाला सांगत नाही.
नापारी म्हणतो, एचआर घे, तुला माणसं कळतात.
मला माणसं कळत असती
तर नापारीचं उत्तर मला दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं.
जाऊ दे.

मार्केटिंगवर मी पेन्सिलीनं खूण केली होती.
फिकट, खोडता येईल अशी.

मग सावेलुगूच्या बाजारात आईसोबत गेले,
सहा दिवसांनी भरणाऱ्या.
शीयाच्या बिया: पहाटे अंधारात वेचलेल्या,
साप आहे की काटकी ते पायानं चाचपत;
उकडलेल्या, वाळवलेल्या, फोडलेल्या, पुन्हा वाळवलेल्या.
व्यापाऱ्यानं त्याचा वाडगा काढला.
निळी फुलं असलेला, इनॅमलचा.
आई ओतत गेली.
मी बोटांनी वाडग्याचा तळ चाचपला,
तळ आतून बाहेर ठोकून काढलेला,
सहा महिने भरलेल्या पोटासारखा.
वर शीग हवीच. शिगेवरून चार बिया ओघळल्या,
त्यासुद्धा त्याच्याच चटईवर.

परतताना ट्रायसिकलमध्ये मी हिशेब मांडला:
वाडग्यामागे अडीच मुठी, गोणीमागे इतके,
गटात बायका एकतीस, हंगाम अकरा.
आकडा आला तेव्हा
मी तो आईला दाखवला नाही.
पण ती म्हणाली, "मला माहीत आहे गं.
त्याच्या बापाचा वाडगा एवढा खोल नव्हता."

मापात पाप, हे तिला
कुठल्या वर्गात बसून शिकायचं नव्हतं.
ती फक्त एवढंच विचारत होती:
"तुझ्या त्या शाळेत
तळ परत आत ठोकायला शिकवतात का?"

रात्री तिन्ही अभ्यासक्रम पुन्हा वाचले.
पुरवठा साखळी: गोदाम, वाहतूक, साठा, करार.
सत्र तिसरं, ऐच्छिक विषय: वजन, प्रत, प्रमाणीकरण.
वाडगा नाही कुठे.
पण 'प्रमाणीकरण' या शब्दावर
बोट ठेवून बसले बराच वेळ,
तळ चाचपावा तसं.

अक्रा नाही. कुमासीच्या चांदणीला एक पत्र लिहिलं,
उत्तर आलं तर आलं.
इथला अर्ज मात्र आजच भरायला घेतला.
विमान येईल तेव्हा येईल;
वाडगा दर सहाव्या दिवशी येतो.

'हे स्पेशलायझेशन का निवडले? दोनशे शब्दांत लिहा.'
मी लिहिलं: निळी फुलं असलेला एक वाडगा आहे.
पुढचे शब्द जुळवते आहे
तोच खिडकीवर टकटक.
वीस सेडी काढायचे आहेत,
आणि नेटवर्क गेलंय.