सातबारा

अठ्ठावीस.
पुन्हा मोजले. अठ्ठावीसच.
काचेवर अंगठ्यानं दाबलेलं मुळाचं टोक,
लाल रंगात उधळलेल्या बारक्या काड्या,
दोन एकमेकींवर आडव्या पडलेल्या,
त्यांच्यामुळंच मघाशी सत्तावीस झाले होते.

एकवीस वर्षं मी कोल्हापूरच्या या कॉलेजात
पोरांच्या प्रॅक्टिकलसाठी कांद्याला मुळं फोडतोय.
कांद्याचे सोळा. झोपेतून उठवलं तरी सांगेन.
गहू मात्र बेळंके मॅडमनी आणायला लावला.
"हसुरे, तुमच्याकडची खपली आणा मूठभर,
आणि बाजारातला लोकवन."

खपली आणली कुरुंदवाडहून,
भूपाल मगदुमांच्या कांडप गिरणीतून.
"सोलून देऊ?"
"नको, हाय तशीच. पेरायची हाय."
भुवयांवरचं तूस न झटकताच ते हसले.
"लई चिवट जात ही.
पाण्याचा हात लावून कांडल्याबिगर
अंगावरचं सोडत न्हाई."

मग लोकवन मोजला. बेचाळीस.

वरचे चौदा कुठून आले ते
मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं.
सात, सात, सात, अशा रांगा,
प्रत्येक रांगेला एक जोडीदार.
त्यांना ती आकृती वाटत होती,
मला उतारा दिसत होता, तलाठ्याकडचा.

पहिलं नाव रानगव्हाचं. हडकुळा, डोंगरउताराचा.
दुसरं एका गवताचं. त्याचे भाऊबंद सापडतात,
ते स्वतः कुठं सापडत नाही. बहुधा मयत.
खपलीच्या उताऱ्यावर एवढी दोनच नावं.
लोकवनला तिसरं लागलं, फार उशिरा:
बकरीसुद्धा नाइलाजानं तोंड लावेल असलं गवत,
कॅस्पियनच्या बाजूला
कुणाच्या तरी शेतात न विचारता उगवलेलं.
त्या दिवशी वारा असणार.
बाकी कारण काही नाही.

माणसात आई निम्मं देते, बाप निम्मं.
इथं कुणी काही मागं ठेवलं नाही.
खेचरासारखं वांझ जायचं होतं ते रोप,
पण आत कुठंतरी चुकून सगळंच दुप्पट झालं
आणि दाणा धरला.
आठ-नऊ हजार वर्षं झाली.
तिघं एकाच दाण्यात राहतात, अजून वाटणी नाही.

आम्ही दोघं भाऊ.
ओढ्याकाठचं दीड एकर.
मोजणीवाला साखळी ओढत होता तेव्हा
थोरला लिंबाखाली पाठ करून उभा होता.
विहीर त्याच्याकडं गेली. पाच वर्षं झाली.

मॅडमनी टपालानं मागवलेलं ते तिसरं गवत
गच्चीतल्या कुंडीत पिकलं मार्चमध्ये.
कणसाला नुसतं बोट लावलं
तर पेरापेरानं तुटून फरशीवर.
चिमण्या आधीच बसलेल्या.
रानातलं सगळं असंच गळतं म्हणे,
गळण्यातच त्याचं शहाणपण.
कधीकाळी एका ताटाला ते जमलं नाही.
पिकूनही ते दाणे धरून उभं राहिलं,
खुळ्यासारखं, कुणीतरी येईल म्हणून.
आणि कुणीतरी आलं, विळा घेऊन.

आपली चपाती म्हणजे त्या रोपाचं वैगुण्य.
हे मी मॅडमना बोललो नाही.
झाडू घेतला, गच्ची लोटली,
चार दाणे खिशात राहिले.

रविवारी परत कुरुंदवाड.
या खेपेला सोलूनच घेतली, दोन किलो, हुग्गीला.
तुसाचा धुरळा उन्हात उभा होता.
मगदुमांनी तागडी थांबवून विचारलं,
"एकच पिशवी, का दोन?"
दोन करा म्हणालो.

एसटीत दोन्ही मांडीवर होत्या.
ओढ्याचा थांबा आला.
कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला
आणि माझ्याकडं बघितलं.