अठरा पौंडांची क्यू

आणा ती इकडे, मिसेस पॅरी.
खोक्यातून नको, बाहेर काढून द्या.
खोक्यात सगळंच सरळ दिसतं.

अठरा पौंड, टपालखर्च वेगळा.
ग्वेन्लियनने वाढदिवसाचे घातले,
वर तुम्ही रात्रपाळीतले थोडे.
आणि आता क्लबातले शहाणे म्हणतात,
परदेशी स्वस्त माल, शेगडीत घाला.
म्हणू देत. त्यांतल्या निम्म्यांना
चाळीस वर्षांत चाळीसचा ब्रेक जमलेला नाही.
ज्याला नेम येईना, त्याला क्यू वाकडी.

तरी वाकडी आहे का, ते बघू.
टेबलावर लोटून बघितली असेल त्यांनी.
त्यातून कळत नाही काही,
बूड नीट गोल नसलं की सरळ काठीसुद्धा डुगडुगते.
डोळा लावायचा. असा. दुसरा मिटून.
हं.
पुढच्या टोकाला किंचित कल आहे.
माझ्या मानेलाही आहे.

लाकूड ॲशचंच, फसवलेलं नाही.
हे बाण दिसतात ना, एकामागे एक,
रानबदकं उडताना धरतात तसे?
दोन बाण कडेला घसरलेत. घसरू देत.
नडतो तो हा चकचकाट.
एवढं व्हार्निश, की घाम आला
की अंगठ्याच्या बेचक्यात चिकटणार,
आणि पोरीला वाटणार, आपलाच हात भित्रा.
बारीक सँडपेपर, मग ओलं फडकं,
मग जवसाचं तेल, दोन थेंब.
तिलाच करू द्या. हातांना ओळख होते.

टिप मात्र गेली.
चामडं म्हणतात याला? नखानं दबतंय.
बसा, नवी बसवतो, गोंद वाळेपर्यंत चहा घ्या.

माझ्या बापाची क्यू या भिंतीवर होती,
पत्र्याच्या नळीत, कुलपात.
खाणीतून वर आला की आधी हात धुवायचा,
मग कुलूप उघडायचा, मग आमच्याकडे बघायचा.
मी शिकलो रॅकमधल्या काठ्यांवर.
आज सात नंबर, उद्या तीन,
एक जड, एक पोकळ, एकीची टिप आळंब्यासारखी पसरलेली,
रोज नव्या माणसाकडून नवं खोटं ऐकावं तसं.
खाण बंद झाली त्या साली बापानं आपली विकली.
मी तिला एकदाच हात लावला,
दुकानापर्यंत पोचवताना.

म्हणून विचारताय तर सांगतो,
हिच्यात खोट असेल, पण ती रोज तीच असेल.
नवशिक्याला तेवढं पुरतं. पुष्कळ झालं.

थांबा, हे बुडाचं रबर सैल आहे.
अरे.
आत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, बघा,
चिनी असावं. आकडा, की कुणाची सही,
मला काय कळणार.
पण कुणीतरी तिकडे हिलाच डोळा लावला असेल,
दुसरा मिटून,
आणि म्हणाला असेल, चालेल.
तो कल त्यालाही दिसला असणार.

ग्वेन्लियनला सांगा, शनिवारी लवकर ये,
दहाच्या आत टेबलाचे पैसे लागत नाहीत.
पांढरा चेंडू तपकिरीच्या जागी ठेवायचा,
निळ्या, गुलाबी, काळ्याच्या खुणांवरून सरळ वर मारायचा
आणि क्यू हलवायची नाही.
परत येऊन टिपेला टेकला, तर छान.
नाही टेकला, तर आधी कोपराला विचारायचं,
मग खांद्याला,
मग क्यूला.
दोन वर्षांनी ती महागातली मागेल.
मागू दे, तेव्हाचं तेव्हा.

तीन पौंड टिपेचे.
बरं, दोन द्या.
आणि घरी रेडिएटरशेजारी उभी करू नका हं,
पलंगाखाली, आडवी.