पुढारी

कुमासीत शनिवार हा मयतीचा वार.
म्हणून आमच्या दुकानात शुक्रवार झोपत नाही.

अब्राफी म्हणते, छापतं ते मशीन,
आपण फक्त बघायचं छापलेलं पुढे जातं कुठे.
जमिनीवर सोडलं तर गेलंच.
हरमाटनची धूळ ओल्या शाईवर बसते
आणि मेलेल्या माणसाच्या गालावर देवीचे वण उठतात.

म्हणून खाली रूळ.
रुळावर पुठ्ठ्याची नळी,
नळीला टेप: आधी मध्ये, मग दोन्ही कडांना.
कडेपासून सुरुवात केलीस तर पहिले तीन फूट गुण्यागोविंदाने जातील,
दहाव्या फुटाला सगळं एका बाजूला सुळका काढेल.
मी केली होती एकदा.
एका मुख्याध्यापिकेची शेवटची ओळ त्यात चुरगळली
आणि माझा अर्धा पगार.

छपाईपासून नळीपर्यंत पोचायचं
तर मीटरभर व्हिनाइल फुकट जातं.
ते वाचावं म्हणून पुढे जुनी पट्टी जोडायची.
तिला लीडर म्हणतात,
आणि आमचा तर खरोखरचाच पुढारी होता.
संसदेला उभा राहून पडलेला,
बॅनरचे पैसे बुडवून अक्राला गेलेला.
दात तेवढे शिल्लक, आणि उजव्या हाताची दोन बोटं.
चार वर्षं तो सगळ्यांच्या पुढे चालला.
आज्या, ट्रकवाले, एक पाळक, एकदा जुळी पोरं,
सगळे त्याच्या दातांमागून गुंडाळले गेले.
निवडून आला असता
तर एवढी माणसं मागे आली नसती.

त्या शुक्रवारी अब्राफीचा मामा होता.
ओपान्यिन ड्वोमो, बोनविरेचा विणकर.

लहानपणी ती त्याच्या मागाशी बसायची.
उभे धागे अंगणात वीस पावलं लांब,
टोकाला फळी, फळीवर दगड.
मामा विणलेलं पोटापाशी गुंडाळी,
तसा दगड धुळीतून सरकत येई,
बिनपायाचं जनावर हाकेला यावं तसा.
तिचं काम एकच, दगड जड की हलका ते सांगायचं.
सहा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं असलं?
तो विचारायचा. वर ऐकायचाही.

आमच्याकडे दगड नाही, दांडी आहे.
व्हिनाइलच्या झोळीत ती आडवी पडून असते.
झोळी उतरली की सेन्सरला कळतं,
रूळ एक वेढा घेतो, थांबतो.
ओढायचं नाही. ओढलं की चित्रात पट्टे येतात.
सुटेल तेवढंच घ्यायचं.

मामाचं कपाळ आलं. भुवया. डोळे.
नाकाशी वीज गेली.
जनरेटरमध्ये पेट्रोल नव्हतं.
ते आणायचं काम माझं होतं.

अब्राफी काही बोलली नाही.
अंधारात तिने दांडीखाली तळहात धरला
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.
"हलका आहे," ती म्हणाली.
कोणाला, ते मी विचारलं नाही.

पहाटे चारला वीज आली. पहिल्यापासून छापलं.
डोकं आधी जातं, म्हणून ते नळीशी, सगळ्यात आत.
मांडवात उलगडताना आधी तारखा दिसणार,
मग सुना, मुलं, भाचे,
लंडनचा एक जण, ज्याने खर्च उचलला,
आणि अगदी शेवटी मामा.

नाकापर्यंतचा तुकडा मी टाकायला घेतला.
"ठेव खाली. त्याने कधी धागा फुकट घालवला नाही."

सोमवारी आलो तर पुढाऱ्याचे दात कचऱ्याच्या डब्यात.
नळीवर नवी पट्टी,
टेप मध्ये, मग कडांना.

पुढच्या शुक्रवारी एक न्हावी होता,
आणि कोकोच्या वखारीतली एक कारकून बाई.
आधी मामाचे डोळे खाली उतरले,
रुळाला वळसा घालून आत गेले,
मग न्हावी, आपल्या जिवंतपणीच्या भांगासकट.

पेट्रोल मी आता गुरुवारीच भरून ठेवतो.