पाच मिनिटं

सातपूरच्या टूलरूममध्ये मी गेज तपासतो.
दोन मायक्रॉनचा फरक मला कळतो.
माणसांचा नाही.

कॉलेज रोडवर वृषाली फोनवर म्हणाली, पाच मिनिटांत येते.
मी पाच मिनिटं धरली.
सेहेचाळीस झाली.
तोवर ज्यूसवाल्याचा मिक्सर अकरा वेळा
माझ्या कवटीच्या आतून फिरला होता.
ती हसत आली. "चिडलास?"
"हो. तू खोटं बोललीस."
आवाज किती चढला होता
ते शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्यावर समजलं.

"काही नाही," म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.
मीही घरी गेलो. काही नव्हतंच ना.

रात्री बहीण म्हणाली,
अरे, काही नाही म्हणजे पुष्कळ काही.
मग खरंच काही नसेल तर काय म्हणतात?
तिला हसू आलं.

राग घेऊन मी सोमेश्वरला जातो.
धबधबाही मोठ्यानंच बोलतो,
पण एकसारखा. मध्येच थांबून फसवत नाही.
खिशात एक एम-आठचा नट असतो,
त्याचे आटे नखानं मोजत बसतो,
जबडा सैल होईपर्यंत.

तिथूनच लिहिलं:
"अर्धा राग मिक्सरचा होता.
अर्धा तुझा, एकेचाळीस मिनिटांचा.
ओरडलो, ते मात्र सगळं माझं."

दोन निळ्या खुणा. मग बराच वेळ काही नाही.
ह्या काही नाहीचा अर्थ
बहिणीलाही सांगता आला नाही.

साडेदहाला उत्तर आलं:
"रविवारी. मिक्सर नसलेली जागा तू शोध.
चार म्हणजे चार. उशीर होणार असेल तर आधी कळवीन."

आज गंगापूर रोडला तीन हॉटेलं पाहिली.
तिसरं बरं आहे, फक्त पंखा कुरकुरतो.
तेलाची कुपी सोबत नेली तर चालेल का,
तिला विचारून घेतो.