सौनातला साचा

गॅरेजमध्ये उणे अकरा. एवढ्या थंडीत रेझिन धरत नाही,
काकवीसारखं डब्यातच बसून राहतं.
म्हणून एन्सिओने डॅशबोर्ड घोंगडीत गुंडाळला,
अंगणातल्या बर्फातून नेला
आणि सौनातल्या वरच्या फळीवर निजवला,
वडील बसायचे त्या जागी.

मी म्हटलं, शनिवारी अंघोळीचं काय?
म्हणाला, कुठल्या शनिवारी?

वडिलांची साब. हिची किल्ली खाली, दोन सीटांच्या मधे.
हिवाळ्यात एक हात तिथे न्यायचा
आणि दुसऱ्या हाताच्या अंगठीने
डॅशबोर्डवर तीनदा टकटक करायची,
कुणाच्या घरी जावं तशी.
मग गाडी सुरू व्हायची. किंवा नाही व्हायची.
पण टकटक चुकली नाही. एकतीस वर्षं, एकाच जागी.

आता सगळीकडे भेगा,
एप्रिलमध्ये तळ्यावरच्या बर्फाला पडतात तशा.
नवीन डॅशबोर्ड कुठेच मिळत नाही,
म्हणून भावाने साचा करायचं मनात घेतलं,
आणि त्याने मनात घेतलं की घराने नाक मुठीत धरायचं.

त्याने एकेक भेग लांबीने भरली.
अंगठीच्या खड्ड्यापाशी थांबला.
‘हाही?’
मी म्हटलं, भर.
भरला. हात धुवायला गेला.
लांबी दहा मिनिटांत दगड होते.
सातव्या मिनिटाला मी लेसची सुई घेतली
आणि खड्डा पुन्हा कोरून काढला.

दुसऱ्या दिवशी तो पॉलिश पेपर घासत होता,
चारशे, मग सहाशे, पाण्याने भिजवून.
त्या जागी हात थबकला.
मी चुलीवरच्या कॉफीकडे पाहत राहिले.
तो पुढे घासू लागला.

मग मेण. सहा वेळा लावलं, सहा वेळा पुसलं,
की साच्याने मुळाला चिकटून बसू नये.
(असं मेण माणसांसाठीही हवं होतं,
पण ते जाऊ दे.)
शेगडी चाळीस अंशांपर्यंत तापवली, मग बंद केली, दार उघडं.
हार्डनर शंभराला दोन,
जिभेचं टोक दातांत धरून मोजला.

काचेच्या धाग्यांची चटई पाहिली आणि मला हसू आलं.
मी राउमाची, ऐंशी जोड्या बॉबिनी घेऊन बसणारी.
ही तर न विणलेली, नुसती विस्कटलेली.
आईने एका झटक्यात उसवून
पुन्हा करायला लावली असती.
मी कात्री पुढे केली.
‘कापू नको, फाड,’ तो म्हणाला.
‘फाटलेल्या कडा एकमेकींत मुरतात.
कापलेल्या कायम वेगळ्या दिसतात.’
साठ वर्षांत भावाने मला शिकवलेली
ही पहिली गोष्ट.

तीन थर. ब्रशने टोचत, रोलरने बुडबुडे हाकलत.
मनगटाला आठवडाभर खाज,
आणि लाकडाला तो वास, गोड, डोकं उठवणारा,
जूनपर्यंत गेला नाही.

दोन दिवसांनी पाचरी ठोकल्या,
फटीत कोमट पाणी सोडलं.
टच्च. मग एक लांब कुरकुर,
आणि साचा सुटला.
आतून आरशासारखा, सगळं उलटं:
घड्याळाची खोबण फुगलेली, गोलाई खोल गेलेली,
आणि डावीकडे, मसुराएवढा
एक उंचवटा.

एन्सिओने त्यावर अंगठा फिरवला.
‘हं,’ म्हणाला.
आमच्या घरात याला भाषण म्हणतात.

त्या साच्यातून आजवर पाच डॅशबोर्ड निघाले.
एक आमच्या साबमध्ये, बाकीचे ज्यांनी मागितले त्यांना.
मार्चमध्ये ओउलूहून कुणा रैमोची चिठ्ठी आली:
माल उत्तम, बसतोही नीट,
फक्त डावीकडे एक बारीक खड्डा आहे, पैसे कमी करणार का?

भावाने पेन्सिलने उत्तर लिहिलं
आणि पाकीट चिकटवण्याआधी माझ्यापुढे सरकवलं:
नाही. खड्डा मूळचाच आहे.
गाडी सुरू झाली नाही तर तिथे तीनदा वाजवा.